जुन्या साखळी-करवतीची घरगुती दुरुस्ती



3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ कोकणकिनाऱ्याच्या कडेकडेने गुजरातकडे गेले. त्या दिवसांत वाटेवर पडलेली झाडे दूर करताना एका यंत्राचा कर्कश आवाज गावोगाव ऐकू येत होता. ते यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. इंग्रजीत तिला चेनसॉ म्हणतात. आपल्याकडे 'कटर' म्हटले की लहान पोरालाही कळते.

वादळ सरले, काम संपले आणि पुष्कळ यंत्रे पडवीच्या कोपऱ्यात गेली. काही विकायला निघाली. जुनी करवत स्वस्तात मिळते, आणि थोडी मेहनत घेतली तर ती घरच्या घरी पुन्हा कामाला लावता येते. तेव्हा ही दुरुस्ती कशी करावी आणि कोणत्या क्रमाने करावी, हे आज पाहू. क्रमावर मी मुद्दाम भर देत आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

मीही अशीच एक जुनी करवत विकत घेतली होती. विकणाऱ्याने तिसऱ्या झटक्याला ती सुरू करून दाखवली. "बघा, मशीन एकदम झकास आहे," असे तो म्हणाला, आणि मी खूश होऊन ती घरी आणली. आमच्या शेजारी आयुष्यभर लाकूडतोडीचे काम केलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते ओट्यावर येऊन बसले. करवत सुरू करा, असे काही ते म्हणाले नाहीत. पुढच्या मुठीसमोर प्लॅस्टिकचे एक आडवे कवच असते, ते त्यांनी बोटाने पुढे ढकलले. कवच नुसतेच लोंबकळत पुढे गेले. "सर, ही चालतेय हो," ते म्हणाले, "पण थांबायची कशी?" मग सदऱ्याची कॉलर बाजूला सारून त्यांनी डाव्या खांद्यावरचा एक लांब, वेडावाकडा व्रण दाखवला. त्याविषयी मात्र एक अक्षरही बोलले नाहीत.

त्या दिवशी मला उमगले की करवत सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली, ही आपली समजूत चुकीची आहे. हवी त्या क्षणी जी थांबते, तीच करवत दुरुस्त. म्हणून दुरुस्तीचा आरंभ इंजिनापासून न करता थांबण्याच्या व्यवस्थेपासून करावा.

आधी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. जर्मनीत अँड्रियास श्टील याने 1926 साली विजेवर चालणारी आणि 1929 साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत बनवली. त्या काळची करवत उचलायला दोन माणसे लागत. तिच्या साखळीला साध्या करवतीसारखे टोकदार दाते असत. ते लवकर बोथट होत आणि त्यांना धार लावता लावता जीव मेटाकुटीला येई. पुढे अमेरिकेतील ऑरेगन प्रांतातला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या 1946 साली एका ओंडक्यातली अळी निरखत बसला. आपल्या आंब्याच्या खोडकिड्याची आठवण व्हावी, अशी ती अळी होती. आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने कुरतडत ती लाकूड खात पुढे जाई. कॉक्सने त्याच धर्तीवर एक दाता डावीकडे, एक उजवीकडे वळलेला अशी साखळी बनवली. आज आपण वापरतो ती साखळी तिचीच वारस आहे.

ही साखळी किती वेगाने पळते? शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. साखळी फिरवणाऱ्या चक्राला 7 दात असतील आणि साखळीचे माप .325 इंच असेल, तर चक्राच्या एका फेऱ्यात साखळी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर सरकते. इंजिन मिनिटाला 10,000 फेरे घेत असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे 19 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 70 किलोमीटर झाला. हमरस्त्यावर एस.टी. भरधाव जाते, त्या वेगाने हे धारदार दाते आपल्या हातापासून वीतभर अंतरावर धावत असतात.

आता थांबण्याची व्यवस्था पाहू. साखळी ज्या लांब लोखंडी पट्टीभोवती फिरते, त्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग फार धोक्याचा असतो. तो भाग फांदीला किंवा दुसऱ्या ओंडक्याला लागला, तर साखळी तिथे अडते आणि सगळी करवत वर, मागे, थेट माणसाच्या तोंडाकडे उसळते. ही उसळी इतकी झटपट येते की माणसाला विचार करायला सवडच मिळत नाही. म्हणून पुढच्या मुठीसमोर ते कवच बसवलेले असते. करवत उसळली की मनगट कवचावर आपटते किंवा झटक्याने कवच स्वतःच पुढे जाते, आणि आतला पोलादी पट्टा क्लचच्या डब्याला आवळून साखळी तत्काळ थांबवतो. हाच साखळीचा ब्रेक.

त्याची परीक्षा इंजिन बंद असताना करावी. हातमोजे घालून कवच पुढे ढकला. 'कट्' असा आवाज आला पाहिजे आणि मग साखळी हाताने ओढूनही हलता कामा नये. नंतर कवच मागे घ्या. करवत मागच्या मुठीने धरून तिचे टोक हातभर उंचीवरून लाकडी ओंडक्यावर पडू द्या. पुष्कळ करवतींत या धक्क्यानेच ब्रेक आपोआप बसतो. बसला नाही, तर झाकण उघडून पाहा. बहुधा आत तेल आणि भुसा यांचा चिखल साचलेला असतो, पट्टा झिजलेला असतो किंवा स्प्रिंग तुटलेली असते. चिखल खरवडून काढा. झिजलेला पट्टा आणि तुटलेली स्प्रिंग मात्र नवीनच घाला. तार गुंडाळून किंवा डाग देऊन ब्रेक दुरुस्त करू नये.

ब्रेकबरोबर आणखी तीन गोष्टी तपासा. मागच्या मुठीच्या वरच्या अंगाला एक खटका असतो. तो तळहाताने दाबल्यावाचून ॲक्सिलरेटर दाबला जाता कामा नये. पट्टीच्या बुडाशी, खालच्या बाजूला, साखळी तुटल्यास तिला अडवणारा एक खुंट असतो. जुन्या करवतीत तो हमखास मोडलेला आढळतो. तिसरी गोष्ट म्हणजे इंजिन बंद करण्याचे बटण. तेही नीट चालले पाहिजे. या चारांपैकी एक जरी गोष्ट नादुरुस्त असेल, तरी पुढच्या कामाला हात लावू नका.

आता इंजिनाकडे वळू. हे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते. पूर्वी लूना किंवा स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना त्यात ऑइल घालून घेत, हे थोरांना आठवत असेल. इथेही तसेच आहे. या इंजिनात वंगणाची निराळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण पुरवते. कोणी विसरून नुसते पेट्रोल घातले, तर थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. जुन्या करवती मरतात त्या बहुधा याच कारणाने.

म्हणून जुनी करवत घेताना पिस्टन अवश्य पाहावा. करवत थंड असताना सायलेन्सरचे स्क्रू काढले की धूर बाहेर जाण्याचे भोक दिसते, आणि त्यातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर उत्तम. तिच्यावर उभे खोल ओरखडे असतील, तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च आलाच, असे समजून किंमत ठरवा. आणखी एक सोपी कसोटी आहे. बंद करवत सुरू करण्याच्या दोरीची मूठ धरून लटकवा. ती अडखळत, हळूहळू खाली आली तर इंजिनात दाब आहे. विहिरीत पोहरा सोडावा तशी सरसर खाली आली, तर दाब गेला आहे.

दाब चांगला असूनही करवत सुरू होत नसेल, तर ठिणगी, पेट्रोल आणि हवा या तीन गोष्टी पाहा.

प्लग काढा. तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर पेट्रोल पोचते, पण जळत नाही. प्लग काजळीने काळाकुट्ट झाला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. त्याची फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी. नवा प्लग फार महाग नसतो, म्हणून शंका आली तर बदलूनच टाकावा. ठिणगी पाहताना जवळ पेट्रोलचा डबा ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

हवेची गाळणी भुशाने गच्च भरलेली असते. ती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सायलेन्सरमध्ये बारीक जाळी असेल, तर तीही काजळीने बुजते. बाहेर जायला धुराला वाट नसेल, तर आत यायला हवेलाही वाट मिळत नाही, आणि मग करवत सुरू होऊनही जोर धरत नाही.

सर्वांत जास्त दोष पेट्रोलच्या वाटेवर असतात. आपल्या देशात 2025 साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. करवत सहा महिने तशीच टाकीत पेट्रोल ठेवून पडली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलबरोबर राहते. जुन्या घडणीच्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही. त्या फुगतात, चिकट होतात किंवा कडक होऊन चिरतात. तेव्हा जुने पेट्रोल काढून टाका आणि ते पुन्हा वापरू नका. टाकीतून वाकड्या तारेने नळी बाहेर ओढा. तिच्या टोकाची छोटी गाळणी बदला. नळी वाकवून पाहा आणि चीर दिसली तर तीही बदला.

यानंतर कार्ब्युरेटर. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा गोळा असतो, पण करवत आडवी-उलटी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्यात गोळ्याऐवजी पातळ पडदे असतात. पडदा नवा असताना मऊ असतो. जुना झाला की वाळलेल्या पापडासारखा कडक होतो आणि मग पेट्रोल खेचले जात नाही. पडद्यांचा आणि त्यांमधील कागदी गॅस्केटांचा संच सुटा मिळतो. उघडताना कोणता थर कोणत्या क्रमाने निघाला, हे कागदावर मांडून ठेवा. मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर त्याहून बरे. बारीक भोके हवेने फुंकावीत. तार घालून कोरू नयेत, कारण भोक केसभर मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

नवे मिश्रण मापूनच करा. चांगल्या प्रतीचे टू-स्ट्रोक ऑइल असेल आणि करवतीच्या पुस्तिकेत 50 ला 1 असे प्रमाण दिले असेल, तर 1 लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर ऑइल लागते. 25 ला 1 असेल तर 40 मिलिलिटर. अंदाजपंचे ओतू नका. औषधाचे मापाचे झाकण यासाठी उत्तम चालते, मात्र ते पुन्हा औषधाकडे जाऊ देऊ नका. मिश्रण महिन्याभरात संपेल इतकेच करावे. करवत ठेवून द्यायची असेल, तर टाकी रिकामी करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावी.

कार्ब्युरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात. एक मंद गतीच्या पेट्रोलचा, दुसरा जलद गतीच्या पेट्रोलचा आणि तिसरा नुसत्या मंद गतीचा. तिसऱ्याने अशी गती ठेवा की इंजिन बंद पडणार नाही, पण साखळीही फिरणार नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही साखळी फिरत राहिली, तर ती करवत वापरू नये. जलद गतीचा स्क्रू जास्त आवळला की पेट्रोल कमी जाते, करवत किंचाळते, जोर वाढल्यासारखे वाटते आणि आपण फसतो. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन धरतो. म्हणून हा स्क्रू थोडा सैलच बरा. स्क्रू जुळवूनही गती आपोआप वाढत-उतरत असेल, तर कोठून तरी चोरटी हवा आत जात आहे. बहुधा दांड्याची रबरी सीले कडक झालेली असतात. हे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

आणखी दोन सूचना. क्लच खोलायचा झाला तर ध्यानात ठेवा, त्याचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. दोरीच्या डब्यातली गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर तोंडावर उडते. तिला हात लावण्यापूर्वी डोळ्यांना चष्मा लावा.

इंजिन ठीक झाले की धारेकडे या. धार गेल्याची खूण सोपी आहे. करवतीतून ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडू लागला, तर धार गेली. गोल कानशीचे माप साखळीप्रमाणे घ्यावे. .325 इंचाच्या साखळीला सामान्यतः 4.8 मिलिमीटरची कानस लागते. पुष्कळ साखळ्यांच्या दात्यांवर 30 अंशांची रेघ कोरलेली असते, त्या रेघेला समांतर कानस चालवावी. आतून बाहेर ढकलावी, मागे ओढताना टेकवू नये. सर्वांत आखूड दाता शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणावेत, आणि प्रत्येक दात्याला सारखेच हात द्यावेत. एका बाजूचे दाते लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले, तर करवत वाकडी कापते. प्रत्येक दात्यापुढे एक उंचवटा असतो. दात्याने एका वेळी किती लाकूड घ्यावे, हे तो ठरवतो. तो दात्यापेक्षा सुमारे 0.65 मिलिमीटर खाली असावा. लवकर कापावे म्हणून कोणी तो जास्त घासला, तर दाता लाकडात रुततो आणि करवत उसळते.

पट्टी उलटून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तिच्या खाचेतला भुसा आणि तेलाचे भोक कोरून साफ करावे. साखळी खालच्या बाजूला लोंबू नये, पण हाताने सहज ओढता यावी. साखळीला निराळे तेल लागते. मोटारीचे वापरलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून घालू नका. त्यात धातूचा कीस असतो, आणि ते अंगावर उडणे आरोग्याला घातक आहे. तेल येते की नाही हे पाहण्यासाठी करवत चालू करून तिचे टोक पांढऱ्या कागदासमोर धरा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

करवत सुरू करून पाहायची ती अंगणात. पडवीत किंवा बंद खोलीत नको, कारण तिच्या धुरात विषारी वायू असतो. पेट्रोल भरलेल्या जागेपासून निदान 3 मीटर दूर जा. गरम करवतीत पेट्रोल ओतू नका. करवत जमिनीवर टेकवून, पायाने दाबून, ब्रेक लावून सुरू करा. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानाला झाकण, डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट. मग ब्रेक सोडा, दोन्ही मुठी घट्ट धरून वेग द्या आणि डाव्या मनगटाने कवच पुढे ढकला. साखळी तिथल्या तिथे थांबली पाहिजे. थांबली तरच करवत लाकडाजवळ न्या.

करवत दुरुस्त झाली म्हणून उभ्या झाडाला लावायची मुभा मिळाली, असेही समजू नये. साग, आंबा, फणस, मोह, खैर अशा ठराविक जातींची झाडे तोडायला महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, मग झाड आपल्या मालकीच्या जमिनीतले का असेना.

शिक्षकांना एक विनंती. गावात एखादी बिघडलेली करवत मिळाली, तर साखळी आणि प्लग काढून, टाकी रिकामी करून ती वर्गात उघडून दाखवा. टू-स्ट्रोक इंजिनाचे चित्र फळ्यावर काढून जे तासाभरात समजत नाही, ते पिस्टन हाताने वरखाली केल्यावर मुलांना पाच मिनिटांत समजते.

माझी करवत नीट व्हायला दोन रविवार आणि तिसऱ्याची सकाळ लागली. ब्रेकचा पट्टा आणि स्प्रिंग नवी, नळी नवी, पडदे नवे, बाकी सारे जुनेच. शेजारचे काका पुन्हा ओट्यावर आले. त्यांनी करवत मांडीवर घेतली आणि कवच बोटाने पुढे ढकलले. 'कट्' असा आवाज आला. त्यांनी साखळी ओढून पाहिली, ती हलली नाही. "आता करा सुरू," ते म्हणाले.